कॅमशाफ्ट बदलतोय, मग हेडही उतरवायची का?

जुनाट्रक
पेट्रोलवरचा जुना ट्रक, व्ही-८, पुशरॉडवालं इंजिन, फ्लॅट टॅपेट (कॅमवर घासत चालणारे सपाट तळाचे ठोकळे). कार्ब्युरेटरमधून फटाफट बॅकफायर यायला लागलं म्हणून रॉकर कव्हर काढलं, तर ३ नंबरचा एक्झॉस्ट रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा तुकडा) जेमतेम हलतोय. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ओढून काढला. त्यावरचा त्या व्हॉल्व्हचा उंचवटा, म्हणजे लोब, झिजून गोल झालाय. नवा कॅम आणि सोळाच्या सोळा टॅपेट नवे टाकणार, त्यावर वाद नको. पण मॅनिफोल्ड निघालंय, रेडिएटर बाहेर आहे. एवीतेवी इतकं खोललंय तर दोन्ही हेड (सिलिंडरवरची झाकणं, व्हॉल्व्ह यांतच असतात) उतरवून व्हॉल्व्हचे गाइड (दांडा ज्यात सरकतो ती नळी), सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड), तेलाची सील करून घेऊ का? सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर निळा धूर येतो, मिनिटभरात थांबतो.

तेलकटहात
विचारताय काय, उतरवा! रात्रभर गाडी उभी राहिली की तेल गाइडमधून खाली झिरपतं, तोच सकाळचा धूर. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर चढावर, जोर लावताना धूर आला असता. शिवाय ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली. एक्झॉस्टच्या सीटा मऊ असतील तर बिनशिशाच्या पेट्रोलवर, ओझं ओढताना, व्हॉल्व्ह त्यात रुतत जातात. कडक सीटा बसवायच्या तर हीच वेळ.

फिलरगेज
'एवीतेवी'पासून सुरू झालेली कामं वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेली पाहिली आहेत मी. हेड उतरवायची म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गंजलेले बोल्ट आले. एक जरी आत तुटला की तुमचा रविवार गेला. आधी दुखणं कुठे आहे ते तरी बघा. कॉम्प्रेशन टेस्टची वेळ गेली, कॅमच नाही. पण लीक-डाउन टेस्ट आत्ताच सगळ्यात सोपी आहे: रॉकर सैल, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद. पिस्टन वर आणा, प्लगच्या भोकातून हवा भरा आणि कान लावा. इनटेक पोर्टमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा.

तेलकटहात
हवा काय सांगणार? सीट मऊ की कडक ते नाही, गाइड किती ढिला तेही नाही.

फिलरगेज
गाइडचं सांगतो. हवेचा दाब ठेवूनच स्प्रिंग काढता येते, हेड जागेवर असतानाच. मग व्हॉल्व्हचा दांडा बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखडला तर गाइड गेला. नाही तर नवं सील चढवा, मोकळे व्हा. (पिस्टन वरच ठेवा, नाहीतर दाब गेला की व्हॉल्व्ह आत आणि हेड आपोआपच उतरवावं लागेल.) सीटांबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण इतकी वर्षं चाललेल्या ट्रकच्या सीटा आजच एकाएकी मऊ झाल्या का?

चेंबरउघडा
तुम्ही दोघं वरच भांडताय. त्या लोबचं झिजलेलं लोखंड गेलं कुठे? तेलातून सगळीकडे. हेडचं काहीही ठरो, चेंबर (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) उतरवा, ऑइल पंप उघडा, एक-दोन बेअरिंग कॅप काढून बघा. बेअरिंगवर चरे असतील तर हेडचा खर्च बाजूला ठेवून आधी खाली लक्ष द्या. आणि नवा कॅम जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) असेल तर स्प्रिंग पूर्ण दबल्यावर वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे मोजल्याशिवाय गाडी सुरू करू नका. पहिला लोब बहुतेक असाच मेला असेल.

जुनाट्रक
कॅम मूळ मापाचाच आहे. चेंबर काढला: तळाशी चकाकणारा गाळ, पण बेअरिंग ठीक. लीक-डाउन केलं. सात सिलिंडरची गळती ८ ते १२ टक्क्यांत, ३ नंबरसुद्धा. ६ नंबर मात्र २७, आणि फुसफुस एक्झॉस्टमधून. गाइड हलवून बघितले, दोन जरा ढिले, दोन्ही उजव्याच हेडमधले.

तेलकटहात
म्हणजे उतरवायचंच! आणि एकच हेड करू नका. एका बाजूला फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) झालं की दोन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन वेगळं पडतं.

फिलरगेज
फेसिंग करायला कोणी सांगितलंय? हेडवर सरळ पट्टी ठेवा, खालच्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. वाकलेलं नसेल तर फक्त व्हॉल्व्ह-सीटचं काम करून घ्या, पृष्ठभागाला हात नको. उजवं उतरवावं लागेल, हे मात्र मी मान्य करतो.

तेलकटहात
ऐकलं का मंडळी, मान्य करतो म्हणाले!

जुनाट्रक
उद्या उजवं उतरवतोय. डाव्याला नवी सीलं, बाकी जसंच्या तसं. हेड येईपर्यंत ब्लॉकच्या तोंडावर कापड टाकून ठेवतो. जस्त जास्त असलेलं ऑइल आणलंय, पहिल्यांदा सुरू केल्यावर २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं, आयडलवर अजिबात नाही. त्याआधी पेंट लावून दाते जुळवतोय, कारण टायमिंग चेनही (कॅम फिरवणारी साखळी) ढिली निघाली.

चेंबरउघडा
चेन बदला. यावर तरी भांडू नका.