ब्रिटनमधले 'काळे बिबटे': खरे की नजरेचा भ्रम?

वाटसरू: ब्रिटनच्या खेड्यापाड्यांत मोठं, काळं, मांजरकुळातलं जनावर दिसल्याच्या बातम्या १९६० च्या दशकापासून येताहेत. आधी इंग्लंडच्या सरे परगण्यातला प्यूमा (अमेरिकेतलं मोठं, तपकिरी रानमांजर), मग एक्समूर आणि बॉडमिन या माळरानांवरची जनावरं. एवढी माणसं थापा मारत असतील, हे मला पटत नाही. १९७६ मध्ये धोकादायक वन्यप्राणी कायदा आला आणि अशी जनावरं पाळायला परवाना लागू लागला. त्याआधी हौशी मंडळी ती खुशाल पाळायची. काहींनी गुपचूप रानात सोडलीच असणार.

शंकासूर: सोडली असतील, मान्य. पण बिबट्या पिंजऱ्यातसुद्धा फार तर वीसेक वर्षं जगतो. आज दिसतात ती नातवंडं-पतवंडं म्हणायची का? मग त्यातलं एकही गाडीखाली कसं येत नाही? १९९५ मध्ये कृषी मंत्रालयाने बॉडमिनची चौकशी केली, ठोस पुरावा मिळाला नाही.

वाटसरू: जनावर नाहीच असंही सिद्ध करता येत नाही, हे त्याच अहवालात आहे. ते बरं गाळलंत! आणि लगेचच बॉडमिनजवळच्या फॉय नदीत बिबट्याची कवटी सापडली, तिचं काय?

शंकासूर: तीच ना, जिच्यात झुरळाची अंडी निघाली? नॅचरल हिस्टरी म्युझियमने तपासली. कवटी बिबट्याचीच, पण मागून सफाईने कापलेली, आणि आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाची अंड्यांची पिशवी. कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या कातड्याचं मुंडकं होतं ते.

निशाचर: कवटी सोडा. १९८० मध्ये स्कॉटलंडमध्ये कॅनिचजवळ एका शेतकऱ्याच्या सापळ्यात जिवंत प्यूमा सापडली. फेलिसिटी नाव ठेवलं, आता पेंढा भरून इन्व्हर्नेसच्या संग्रहालयात आहे.

शंकासूर: ती चांगली माणसाळलेली होती हो! जानेवारी २०२५ मध्ये स्कॉटिश हायलँड्समध्ये कुणीतरी लिंक्स (झुपकेदार कानांची रानमांजरं) सोडले, ते दिसले आणि दुसऱ्याच दिवशी पकडले गेले. सुटलेलं जनावर असं हाती लागतं. शिवाय लोक 'काळा प्यूमा' पाहिल्याचं सांगतात, आणि काळ्या प्यूमाची आजवर एकही खात्रीशीर नोंद नाही. संध्याकाळी, अंतराचा अंदाज नसताना, घरचा बोकाही बिबट्याएवढा दिसतो.

निशाचर: आणि २०२४ चा उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियातला नमुना? मेलेल्या मेंढीवरून घेतलेला, वॉरविक विद्यापीठात तपासलेला. वाघ-बिबट्यांच्या गटाचा डीएनए निघाला. बोक्याचा नव्हे.

शंकासूर: एकच नमुना. पुढची मेंढी मेली की दोन वेगळ्या प्रयोगशाळांत पाठवा, मग बोलू.

वाटसरू: आणि दोन्हीकडून तेच उत्तर आलं, तर तिसरी मागाल!