सीपॅपचा मास्क बाबा मध्यरात्री काढून ठेवतात, काय करावे?

शरावती: नमस्कार. माझ्या वडिलांना (वय 64) झोपेत श्वास अडकण्याचा विकार असल्याचे निदान झाले आहे. चाचणीत तासाला सरासरी 38 वेळा अडथळा आढळला. 30 च्या पुढे तो तीव्र समजतात. डॉक्टरांनी सीपॅप यंत्र (श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे) आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला आहे. मात्र मध्यरात्रीनंतर कधीतरी बाबा तो काढून ठेवतात आणि सकाळी विचारल्यास ‘कधी काढला ते कळलेच नाही’ असे सांगतात. घसा कोरडा पडतो, डोळ्यांवर हवा येते. आई रोज टोकू लागल्यापासून तर यंत्राचा विषय निघाला तरी ते चिडतात. आपल्या घरी हे यंत्र रुळले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

जुना प्रवासी: मी स्वतः अनेक वर्षे सीपॅप वापरतो. डोळ्यांवर हवा येते याचा अर्थ मास्क वरच्या कडेने गळतो आहे, आणि गळती थांबवण्यासाठी बहुतेक जण पट्टे आणखी आवळतात, त्याने कड दुमडून गळती वाढते व नाकाच्या हाडावर वळ उठतो. बाबांना आडवे होऊ द्या, यंत्र सुरू करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवा आणि मगच पट्टे हवा थांबेल इतपतच ओढा. बसून केलेली मापे निजल्यावर उपयोगी पडत नाहीत, कारण चेहऱ्याचा आकारच बदलतो. झोपण्यापूर्वी तेल-क्रीम न लावता चेहरा धुवावा. बाबांना मिशा आहेत का? असल्यास ओठावरची कड नीट बसत नाही.

नाक मोकळे असेल तर फक्त नाकावरचा मास्क मागून पाहा. मोठ्या मास्कपेक्षा तो पुष्कळांना सोसतो. घशाच्या कोरडेपणावर ह्युमिडिफायरची (यंत्रातील हवा दमट करणाऱ्या भागाची) पातळी वाढवावी. नळीत पाणी साचून गुरगुर होऊ लागली तर ती कमी करावी किंवा नळीवर कापडी आवरण घालावे.

निद्राकक्ष: मी झोपेच्या चाचण्या घेणारी तंत्रज्ञ आहे. झोपेत नकळत मास्क काढणे हा हट्ट नसतो, हे आईंना आवर्जून सांगा. यंत्रातील नोंदी डॉक्टरांना दाखवा: वापराचे तास, गळती आणि उरलेले अडथळे. मास्क निघण्याआधी गळती वाढत असेल तर उपाय मास्कमध्ये आहे. गळती नसूनही अडथळे राहत असतील तर दाब तपासावा लागेल. दाब मात्र घरच्या घरी बदलू नये. सुरुवातीचा दाब फारच कमी, म्हणजे 4 सेंमी पाणी (हे दाबाचे एकक) इतका, ठेवला असेल तर काहींना उलट गुदमरल्यासारखे होते, तेही विचारा.

दिवसा पेपर वाचताना मास्क लावून बसण्याची सवय करावी, आधी नुसता, मग हवेसह. वामकुक्षीलाही तो हवाच.

तळटीप: सीपॅपने हृदयविकार टळत नाही, असे संशोधन असल्याचे वाचले होते. मग एवढा आटापिटा कशासाठी?

निद्राकक्ष: आपला रोख बहुधा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीकडे असावा. त्यात आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांनी यंत्र रात्रीतून सरासरी 3.3 तासच वापरले. पुढचे झटके कमी झाले नाहीत हे खरे, परंतु दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली. इतक्या तोकड्या वापरावरून रात्रभराच्या वापराचा निकाल लावता येत नाही. अमेरिकेतील विम्यासाठी किमान 4 तास, तेही 70 टक्के रात्री, ही अट असते; ती उपचाराची पुरेशी मात्रा मानू नये.

शरावती: सर्वांचे आभार. बाबांना मिशा आहेत आणि त्या काढण्याचा विषय घरात निघणार नाही! नाकावरच्या मास्कबद्दल सोमवारी विचारते. आमच्याकडे वीज वारंवार जाते, इन्व्हर्टरवर यंत्र चालेल का?

जुना प्रवासी: चालते. सर्वाधिक वीज ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी खाते. वीज जाणार असेल त्या रात्री ती दोन्ही बंद ठेवा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, एवढे विक्रेत्याकडून पक्के करून घ्या.