कडू नको, जड नको: अमेरिकेतल्या सोप्या क्राफ्ट बिअरचे तुमचे अनुभव लिहा

बॉस्टनकरीण

अमेरिकेत आले त्याच आठवड्यात ऑफिसची मंडळी एका टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीच्याच बारमध्ये, घेऊन गेली. फळ्यावर सोळा नावं, त्यातली निम्म्याहून जास्त आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, कडूपणासाठी ओळखली जाणारी बिअर. सगळ्यांनी घेतली तीच मीही घेतली. पहिल्या घोटाला पाडव्याची कडुलिंबाची चटणी आठवली. ग्लास अर्धा तसाच ठेवला आणि पुढची दोन वर्षं क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरींची वेगवेगळ्या चवींची बिअर, आपल्यासाठी नाहीच, असं धरून चालले.

मग एका ऑक्टोबरात आम्ही मेन राज्यातल्या पोर्टलंडला गेलो. बारमागच्या बाईंना सरळ सांगितलं, मला कडू नको आणि जडही नको. त्यांनी अलागाश व्हाइट पुढे ठेवली. गढूळ, फिकट पिवळी. पेजेत हळदीचं बोट बुडवल्यासारखा रंग. नाकाशी नेली तर वास ओळखीचा, पण कशाचा ते कळेना. दुसऱ्या घोटाला उलगडलं. धणे! गोड्या मसाल्यासाठी आई धणे निवडायला बसायची, तेव्हा डबा उघडताच यायचा तो वास. त्या बाई म्हणाल्या, ही बेल्जियन धाटणीची गव्हाची बिअर, हिच्यात धणे आणि कुरासाओ संत्र्याची साल घालतात, आणि १९९५ मध्ये ब्रुअरी सुरू झाली ती हिच्यावरच. अल्कोहोल ५.२ टक्के. त्या दिवशी मी पूर्ण ग्लास चवीनं संपवला.

म्हणून हा धागा. कुठे प्यायलात, कुठली, कशाबरोबर, हे लिहा. लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली), पिल्सनर (फिकट लागर), गव्हाची, ब्लाँड (फिकट सोनेरी), काहीही चालेल, फक्त स्वतः प्यायलेली हवी.

मिलवॉकीवाला

आमचे बाबा सांगलीचे. त्यांची बिअर म्हणजे स्ट्राँग, आणि तीही बर्फासारखी गार. गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा इकडे आले तेव्हा त्यांना न्यू ग्लॅरसला घेऊन गेलो. विस्कॉन्सिनमधलं हे छोटं गाव स्विस लोकांनी वसवलेलं. डेब आणि डॅन केरी या जोडप्यानं १९९३ मध्ये तिथे ब्रुअरी सुरू केली. टेकडीवर बाहेर बसायला जागा आहे, खाली हिरवीगार शेतं दिसतात.

बाबांना स्पॉटेड काउ दिली. ४.८ टक्के, किंचित गढूळ, त्यात थोडा मकाही असतो. त्यांनी घोट घेतला, थांबले, परत घेतला.

"ह्यात कडू कुठाय रे?"

"नाहीच आहे, बाबा."

"मग बरी हाय की. मका घातलाय म्हणतोस? आपल्याकडं नुसती कणसं भाजून खात्यात."

मग तासभर ते शेतांकडे बघत बसले, मक्याला इथे पाणी कसं देतात, एकरी किती निघतो, हे विचारत राहिले. एकच ग्लास, पण निवांत. बाबांबरोबर बसून बिअर प्यायची माझी ती पहिलीच वेळ. घरी त्यांच्यासमोर मी कधी बाटली उघडली नव्हती.

ही बिअर विस्कॉन्सिनबाहेर विकतच नाहीत. शिकागोचे मित्र आले की डिकी भरूनच परत जातात.

सॅक्रामेंटोहून

वर आयपीएला नावं ठेवलीयत म्हणून दुसरी बाजू मांडतो. कडूपणा हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, आणि त्याच हॉप्समध्ये मोसंबीच्या सालीचा, पाइनचा सुंदर वासही असतो. तो हवा असेल आणि कडूपणा बेतात हवा असेल तर सिएरा नेवाडा पेल एल घ्या, पेल एल म्हणजे आयपीएची जरा सौम्य बहीण. कॅलिफोर्नियातल्या चिकोमध्ये केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये ती काढली. कॅस्केड नावाच्या हॉप्सची खरी ओळख लोकांना तिनंच करून दिली. ५.६ टक्के, म्हणजे अगदी हलकी नाही. पण बटाटेवड्याबरोबर घ्या. तळलेल्या तेलकट घासावर हा कडूपणा अगदी हवाहवासा वाटतो.

आता फसगत. एका दुकानात सवलतीत मिळाले म्हणून दुसऱ्याच एका पेल एलचे बारा कॅन घेतले. घरी येऊन उघडला तर वास नाही, आणि चव भिजलेल्या पुठ्ठ्याची. कॅन उलटा करून पाहिला, भरून आठ महिने झालेले, आणि दुकानात तो खिडकीतल्या उन्हाजवळ ठेवलेला. हॉप्सचा वास आधी उडतो, मग हवेनं चव बिघडते. तेव्हापासून तळाची तारीख वाचल्याशिवाय मी काही उचलत नाही. दोन-तीन महिन्यांच्या आतली असेल तर घ्या, आणि फ्रिजमधली घ्या.

ऑस्टिनकर

पुण्यात दूलाली सुरू झाली २००९ साली, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागच्या जागी बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरींपैकी) एक. गव्हाच्या बिअरची सवय मला तिथेच लागली. इथे आल्यावर विमानतळाजवळच्या लाइव्ह ओक ब्रुअरीत हेफेवायझेन, म्हणजे जर्मन धाटणीची गव्हाची बिअर, प्यायलो. पिकलेलं केळं आणि लवंग! शिकरणात कुणी लवंग टाकल्यासारखा वास. यात केळं घालत नाहीत, लवंगही नाही. आंबवताना ते खास यीस्टच हे वास तयार करतं. बाटलीतली असेल तर तळाशी गाळ बसतो. शेवटची दोन बोटं उरली की बाटली हलकेच घोळवून तो गाळ ग्लासात ओता, चव त्यातच आहे.

टेक्सासच्या ऑगस्टमध्ये मात्र त्यांचीच पिल्सनर. बाकी काही सुचत नाही.

एडिसनहून

डॉगफिश हेड ब्रुअरीची सीक्वेंच एल. डेलावेअरची, ४.९ टक्के, लिंबू आणि समुद्री मीठ घातलेली. साखर न घातलेलं लिंबू सरबत आवडतं त्यांनी नक्की घ्यावी. भेळेबरोबर तर फारच छान. आंबट आहे, पहिल्या घोटाला दचकाल, तिसऱ्या घोटाला आवडेल. आमच्या सासूबाईंना मुळीच आवडली नाही, हेही लिहून ठेवते.

डेन्व्हरची

कुणी लिहिलं नाही म्हणून. इथे पाइंट म्हणजे ४७३ मिली. आठ टक्क्यांची बिअर पाइंटभर घेतली तर ३५५ मिलीच्या पाच टक्केवाल्या दोन बिअरपेक्षा थोडी जास्तच होते. चव गोडसर, फळांची असली की हे कळतच नाही. नावाखाली बारीक अक्षरात टक्के लिहिलेले असतात, ते आधी वाचा. आम्ही चालून आलो की मामाज लिटल येला पिल्स घेतो, ४.७ टक्के. ऑस्कर ब्लूजची. याच कंपनीनं २००२ मध्ये क्राफ्ट बिअर कॅनमध्ये भरायला घेतली तेव्हा कॅनमधली बिअर म्हणजे स्वस्तातली, असाच समज होता. डोंगरावर काच न्यायला नको, हे आम्हाला फार सोयीचं.

आणि नवीन माणसानं आधी फ्लाइट मागवावी. चार छोटे ग्लास येतात, चारही वेगवेगळ्या. बहुतेक ठिकाणी घोटभर चाखायलाही देतात. विचारायला संकोच करू नका.

कनेक्टिकटहून

गोळ्या चालू आहेत म्हणून वर्षभर बंद आहे. डॉक्टरांना विचारून अॅथलेटिक कंपनीची बिनअल्कोहोलची बिअर घेते. मित्रमंडळींत हातात ग्लास असतो, कुणी खोदून विचारत नाही. मला त्याचा फार आधार वाटतो.

बॉस्टनकरीण

किती छान लिहिताय सगळे. मिलवॉकीवाले, तुमच्या बाबांचं वाचून माझ्या बाबांना फोन केला. ते डिसेंबरात येतायत. फ्रेमिंगहॅमला जॅक्स अॅबी ब्रुअरी आहे, तिघा भावांनी काढलेली, लागरसाठी नावाजलेली. त्यांची हाउस लागर मी अजून चाखलेली नाही. शनिवारी आधी स्वतः जाऊन येते, तारीख बघून चार कॅन आणते, मग इथे लिहिते. तोवर ज्यांनी प्यायली असेल त्यांनी सांगा, शेंगदाण्याच्या चखण्याबरोबर कशी लागते?