दोन ग्रामपंचायतींची एकच स्मशानभूमी : संयुक्त समिती कशी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या आणि ओढ्यापलीकडच्या गावाची स्मशानभूमी एकच. दहनाचा ओटा आहे, त्यालाच लागून दफनाची जागा. जमीन सरकारी गायरान, गट पलीकडच्या गावाच्या हद्दीत, वापर दोन्ही गावांचा. गेल्या पावसाळ्यात शेडचे पत्रे उडाले आणि जुलैत एका आजींना अग्नी देताना चौघांनी चितेवर ताडपत्री धरली. तसं पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दोन्ही ग्रामसभांचे दुरुस्तीचे ठराव झालेत. आमच्या ग्रामसेवकांचं म्हणणं, दुसऱ्याच्या हद्दीत आपला निधी टाकला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो. पलीकडच्या ग्रामपंचायतीला मागणी जनसुविधा अनुदानातून (स्मशानभूमीसारख्या कामांसाठीचा सरकारी निधी) करायची आहे, पण पुढची देखभाल एकट्याने उचलायला ते तयार नाहीत, आणि ते रास्तही आहे. पंचायत समितीत विचारलं, तोंडी उत्तर मिळालं, लेखी काही नाही.

ग्रामपंचायत अधिनियमात संयुक्त समितीची तरतूद आहे, ती वाचली आहे. वेगळी जागा घ्या हे कृपया सुचवू नका, आमच्याकडे गायरान उरलेलं नाही. गावांत वाद नाही, दफनाची जागाही दोघांना सामाईकच ठेवायची आहे.

कुणी अशी समिती प्रत्यक्ष चालवली असेल तर सांगा : ठरावात खर्चाची वाटणी लोकसंख्येवर लिहिली की निम्मी-निम्मी? आणि शेड एकाच्या मालमत्ता नोंदवहीत असताना दुसऱ्या ग्रामपंचायतीने आपला हिस्सा कोणत्या मार्गाने दिला, की लेखापरीक्षणात अडकला नाही?