पहिला महिना नव्हे, मधले आठवडे

एका भाऊंनी लिहिलंय की फौजेच्या ट्रेनिंगचा पहिला महिनाच काय तो जड जातो. मला नाही पटत. मी 1994 ला पारोळ्याहून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला गेलो. पहिला महिना भीतीतच निघून गेला, रडायलाही फुरसत नव्हती. खरी कसोटी लागते मध्यावर. नवलाई संपलेली असते आणि कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपताना शपथ घ्यायची परेड, अजून लांब.

तेव्हा 7.62 मिमीची एसएलआर रायफल होती, साडेचार किलोच्या आसपास. ती हातात धरून पळताना आधी बोटं बधिर व्हायची, मग खांदा. आमच्यातल्या एकाला कोतमध्ये (शस्त्रागारात) रायफल जमा करताना तिची स्लिंग, म्हणजे खांद्याचा पट्टा, सापडेना. उस्तादांनी, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांनी, अख्ख्या कंपनीला रगडा (अंगमेहनतीची शिक्षा) दिला. रात्री त्याच्याशी कुणी बोललं नाही. तेवढ्यात चोपड्याचा एक पोरगा मगभर चहा घेऊन त्याच्याजवळ बसला, "काय करी ऱ्हायना रे भो?" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून झोपायच्या आधी आम्ही एकमेकांचं सामान तपासायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं.

आता अग्निवीरांचं ट्रेनिंग 31 आठवड्यांचं आहे. माझा पुतण्या पंधराव्यात आहे. रविवारी फोनवर वांग्याच्या भरताची आणि कळण्याच्या भाकरीची आठवण काढतो. (लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातल्या, वांग्याला भरीत म्हणायचं नाही, हे त्याला पटलंय.) वहिनी विचारतात, परत बोलावू का? मी म्हटलं, वहिनी, तो आता "मी" कमी आणि "आम्ही" जास्त म्हणतो, ऐकलं का?