हिवाळ्यात सिलिंडर महिनाभर पुरत नाही. अंघोळीच्या पाण्याचे काय करावे?

कादवाकाठ:
सप्रेम नमस्कार. आमचे घर निफाड तालुक्यात, मळ्यात आहे. घरात आम्ही पाच माणसे असून दावणीला दोन गाई आणि एक कालवड आहे. एरवी १४.२ किलोचे सिलिंडर सव्वा महिना सहज पुरते. परंतु डिसेंबर लागून पारा एक आकडी झाला, की तेच तीन आठवड्यांत संपते, आणि सिलिंडरचा आजचा भाव पाहता हे परवडण्यासारखे राहिलेले नाही. गोबरगॅस बांधावा, विजेचा रॉड घ्यावा, की माळ्यावर पडलेला आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब पुन्हा उतरवावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या बांधावर भरपूर आहेत.

हिशोबी:
आधी गॅस जातो कुठे, ते पाहू. पाच माणसांना प्रत्येकी १५ लिटर, म्हणजे ७५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर १,८७५ किलोकॅलरी उष्णता लागते. शेगडीची निम्म्याहून थोडी अधिक उष्णताच पाण्यापर्यंत पोहोचते, हे धरले तर रोज सुमारे २९० ग्रॅम गॅस जळतो. महिन्याला हे साडेआठ किलो झाले, म्हणजे अर्ध्याहून अधिक सिलिंडर केवळ न्हाणीघरात जाते! स्वयंपाकात डाळ भिजवणे, झाकण ठेवणे वगैरे काटकसर अवश्य करावी, पण खरी गळती तिथे नाही. हेच पाणी रॉडने तापवल्यास महिन्याला ६५ युनिटांच्या आसपास वीज लागेल. मात्र आपले बिल १०० युनिटांच्या वर जाते का, हे आधी पाहावे, कारण त्यापुढच्या युनिटांचा दर बराच चढा आहे. बादलीत हात घालण्यापूर्वी रॉड बंद करून पिन काढावी, हे घरातल्या पोराबाळांनाही बजावून ठेवावे.

शेणसडा:
आमच्याकडे दोन घनमीटरचा गोबरगॅस आहे. त्याला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते, आणि तो नीट चालला तर दिवसाला ९०० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके काम देतो. आपल्या दोन गाई आणि कालवडीच्या शेणावर फार तर एक घनमीटरचा चालेल. शिवाय थंडीत आतले जिवाणू मंदावतात आणि नेमक्या गरजेच्या दिवसांत गॅस कमी पडतो. दुपारी उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवून आणि टाकीभोवती उसाचे पाचट रचून आम्ही थोडा फरक पाडतो, पण तो थोडाच. वर्षभराच्या स्वयंपाकासाठी आणि स्लरीच्या खतासाठी जरूर बांधावा. अंघोळीच्या पाण्याची आशा त्यावर ठेवू नये.

माजघर:
बंबच उतरवावा, असे माझे मत आहे. फक्त पहाटे पाचला उठून तो पेटवायचा कोणी, हे घरात आधी ठरवावे, कारण गॅसची बचत बहुधा घरातल्या बाईच्या झोपेतून होत असते. आमच्याकडे हे काम दिरांनी घेतले आहे. ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या वीतभर तोडून पडवीत कोरड्या ठेवाव्यात. ओल्या काड्यांचा धूर डोळे फोडतो. बंब उघड्या पडवीतच लावावा, आणि रात्री ऊब हवी म्हणून त्यातले निखारे कोणी बंद खोलीत नेऊ नयेत, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो आणि माणूस झोपेतच जातो. पाणी भरल्याशिवाय बंब कधीही पेटवू नये, झाळलेले सांधे सुटतात. अंघोळी एकापाठोपाठ उरकल्या, तर एकाच जाळात सगळ्यांचे भागते.

कादवाकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. बंब काल उतरवला. मधल्या नळीत चिमणीचे जुने घरटे निघाले. तोटीचा सांधा झाळून घ्यावा लागेल, तेवढे तालुक्याच्या बाजारात होईल. पण तळाची जाळी पार गंजून गेली आहे. ती तयार मिळते का, की मापाने लोहाराकडून करून घ्यावी?

माजघर:
लोहाराकडूनच करून घ्यावी आणि सळया जरा जाड घालायला सांगाव्यात. आमची बाजारातली जाळी दुसऱ्याच हिवाळ्यात वाकली.