लहान मुलांना संगीत नाटक शिकवायचंय, आणि नीट बघायलाही

पार्लेकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतली ६ ते ९ वर्षांची १४ मुलं घेऊन गणपतीत ‘संगीत सौभद्र’मधला वीस मिनिटांचा भाग बसवतेय. नारदाचं ‘राधाधरमधुमिलिंद’, सुभद्रेचं ‘वद जाऊ कुणाला शरण’ आणि मग घटोत्कच तिला उचलून नेतो तो प्रसंग, बस. घटोत्कच सगळ्यांनाच व्हायचंय. अडचण अशी की पद सुरू झालं की मुलांचे खांब होतात, हात खाली, नजर समोरच्या भिंतीवर, आणि पद संपल्यावर परत नाटकात यायला त्यांना वेळ लागतो. दुसरं म्हणजे त्यांना एक खरा प्रयोग दाखवायचाय, पण मागच्या वर्षी एका बालनाट्याला नेलं तेव्हा चिप्सची पाकिटं काय, मधेच ‘काकू शू’ काय, मागच्या आजोबांना काही ऐकूच येईना, शेवटी ते उठून दुसरीकडे जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. नुसतं गप्प बसा सांगून होत नाही हो. काय करू?

पेटीवाला:
ताई, पद आधी गायला शिकवूच नका, बोलायला शिकवा. हे १८८२चं नाटक, भाषा जुनी, मुलं चाल पाठ करतात पण आपण काय म्हणतोय ते त्यांना माहीतच नसतं. सुभद्रेचंच पद घ्या, दादानं तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, मनात अर्जुन आहे, आणि ती सखीला विचारतेय, सांग ना, जाऊ कुणाकडे? हे मुलीला तिच्या घरच्या भाषेत चार वेळा म्हणू दे, सखी झालेल्या मुलीकडे बघून, मग त्याच जोरावर चालीत घ्या. हात आपोआप हलतील.

आणि पदाच्या आधीचं वाक्य बघा. ते वाक्य संपायच्या आत पेटीनं सूर द्यायचा असतो, म्हणजे मूल बोलता बोलता गाण्यात शिरतं. तुम्ही वाक्य संपल्यावर थांबून मोबाइलवर ट्रॅक लावत असाल तर नाटक तिथेच तुटतंय. एक पेटी, एक तबला पुरे. मूल अडखळलं तर पेटी त्याच्यासाठी थांबते, ट्रॅक थांबत नाही. गाण्याची पट्टी पेटीच्या काळी चार-पाचच्या आसपास, म्हणजे जरा उंच, करून बघा, मोठ्यांच्या खालच्या पट्टीत पोरांचा आवाज दबतो. ताना बिनधास्त काढून टाका.

फोंड्याची मावशी:
आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवाला गावचीच माणसं संगीत नाटक करतात. लहानपणी आम्ही तालमींनाच जाऊन बसायचो, त्यामुळे प्रयोगाच्या रात्री पुढच्या चटईवर आम्ही पोरं चिडीचूप, कारण आता कुठलं पद येणार ते ठाऊक असायचं आणि त्याची वाट बघायची असायची. म्हणून आधी गोष्ट सांगा, दोन-तीन पदं घरी ऐकवा, मगच न्या.

पण एक सांगते, संगीत नाटकाचा प्रेक्षक मुका नसतो. दाद देणं हीसुद्धा रीतच आहे. बालगंधर्वांच्या काळात वन्समोअर घेत घेत प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे. तेव्हा मुलांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवा, हातावर टाळी देऊन, तान समेवर आली की दाद द्यायची, पद संपल्यावर टाळ्या, आवडलं तर वन्समोअर. गाणं चालू असताना टाळ्यांचा ठेका मात्र धरायचा नाही, गाणाऱ्याचा ताल जातो.

पडद्यामागचा:
मी नाटकाची लाईट्स करतो. मुलांना नाटक सुरू व्हायच्या आधीच्या तीन घंटांचा खेळ शिकवा, घरी ताटली-चमच्यावर. पहिलीला शू आणि पाणी, दुसरीला आपल्या खुर्चीत, तिसरीला आवाज बंद. कडेच्या खुर्च्या घ्या, कुणी रडायला लागलं तर लगेच बाहेर न्या, पद संपायची वाट बघू नका. उठताना खुर्ची हातानं धरायची, नाहीतर खाडकन आवाज होतो आणि तो स्टेजपर्यंत येतो. मोबाइलचं पालकांनाच सांगा, अंधारात उजळलेला एकेक चेहरा वरून स्वच्छ दिसतो, आणि शूटिंगला पालक उभे राहिले की मागच्या मुलांना काहीच दिसत नाही.

तालमीत निम्मी मुलं वर, निम्मी प्रेक्षक, मग अदलाबदल. आपण गाताना समोर कुणी कुजबुजलं की कसं वाटतं ते एकदा कळलं की पुढचं सोपं जातं.

पार्लेकरीण:
काल लगेच करून बघितलं, सात वर, सात खाली, ताटलीवर तीन घंटा. तिसरीनंतर खरंच शांत झाली हो! सुभद्रेनं सखीचा हात धरून ‘वद जाऊ कुणाला’ म्हटलं, पहिल्यांदाच रडवेली होऊन, तर खाली बसलेला सहा वर्षांचा सगळ्यात छोटा हळूच म्हणाला, ‘माझ्याकडे ये’. मी बोट ओठावर नेलं होतं, तसंच खाली घेतलं. तो ऐकत होता ना!

पेटी मिळालीय. तबल्याला पार्ले-अंधेरीतलं कुणी रविवारी सकाळी दोन तास येऊ शकेल का?